खिसा, रस्ता आणि पहिली सायकल



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, ग्रामपंचायतीचा कारभारही यावा. पण त्यांच्या रांगेत आज सायकल उभी पाहून कित्येकांना नवल वाटले असेल. दाराशी भेटलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तसे बोलूनही दाखविले. सायकलीवर तासभर बोलण्यासारखे काय आहे? दोन चाके आणि एक घंटी!

जुन्या काळापुरते त्यांचे म्हणणे रास्त होते. पूर्वी सायकल घ्यायची म्हणजे निवड अशी फारशी नव्हतीच. दुकानदार एवढेच विचारी, बावीस इंची की चोवीस इंची? रंग काळा, वजन वीस किलोंच्या घरात, आणि एकदा घरात आली की बापामागून मुलाने चालवायची. लुधियानाची हीरो, सोनपतची अॅटलस, मद्रासची हर्क्युलिस ही नावे घरातल्या माणसांसारखी सर्वांच्या तोंडी होती. त्यांतल्या अॅटलसच्या शेवटच्या कारखान्याचे काम जून २०२० मध्ये थांबले, आणि तेही नेमके जागतिक सायकल दिनी. आज दुकानात शिरलेल्या माणसापुढे पन्नास तऱ्हांच्या सायकली उभ्या असतात. निवड वाढली, तशी फसगतीची जागाही वाढली. आणि फसगत परवडत नाही ती थोडे पैसे घेऊन गेलेल्यालाच. श्रीमंताची चुकलेली सायकल गच्चीवर पडते आणि तो दुसरी घेतो. बागायतीतून किंवा पगारातून वर्षभर मागे टाकलेल्या पैशांची सायकल चुकली, तर ती माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर हौसही माळ्यावर जाते. म्हणून आजचे बोलणे पहिली सायकल घेणाऱ्यासाठी आणि बेताच्या खिशासाठी आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. शहरात 'रोड बाईक' म्हणतात. आपल्याकडे बाईक म्हटले की लोक पेट्रोलचा भाव विचारतात. तेव्हा मी रोड सायकल म्हणेन. अंगाने हलकी, टायर अरुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, आणि गिअर असलेली ती रोड सायकल. तिला बहुधा मडगार्ड नसते, कॅरिअर नसते, आणि गावात आणल्यावर पहिला प्रश्न येतो, "हेका स्टँड खंय आसा?" तोही नसतो. ती भिंतीला टेकवून ठेवायची. तेव्हा ज्याला रेशनचे पोते, गवताचा भारा किंवा मागे बसवून मूल न्यायचे आहे त्याने ही सायकल मुळीच घेऊ नये. त्याच्यासाठी काळी सायकल आजही उत्तम, आणि ती निम्म्याहून कमी पैशांत येते. रोड सायकल एकाच कामाची आहे: एका माणसाने स्वतःच्या पायांवर डांबरी रस्त्याने लांब जायचे. कणकवलीला कॉलेजात, मालवणला नोकरीवर, रविवारी सागरी मार्गाने समुद्र डाव्या-उजव्या अंगाला ठेवून तीस-चाळीस किलोमीटर.

अशी हौस आता आपल्या मुलखात आली आहे, आणि ती पोकळ नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्याला पोचणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची विलक्षण शर्यत आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांत मिळून पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. ही नावे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात आणि लगेच लाखाच्या सायकलीच्या गोष्टी सुरू होतात. त्यांना मी दुसरा एक आकडा सांगतो. लांब पल्ल्याच्या हौशी स्वारांसाठी 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या असतात. त्यांत शर्यत नसते, ठराविक वेळेत पोचायचे एवढेच. २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास मिळतात, चहापाणी आणि पंक्चर त्यातच धरून. म्हणजे तासाला पंधरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. एवढ्या वेगासाठी लाख रुपये लागत नाहीत. अंगाला बसणारी सायकल लागते.

आता किमतीकडे वळू. मराठी माणसाने सायकल विकण्याचा धंदा कसा आरंभला ते येथे आठवण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे जे नांगर आणि पंप निघाले त्यांचे मूळ या दुकानात आहे. एक सायकल सातशे ते हजार रुपयांना विकीत आणि ती चालवायला शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत, असे सांगतात. त्या काळचे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना आपण करावी. मला त्यातले महत्त्वाचे वाटतात ते हे वेगळे पंधरा रुपये. सायकलीची किंमत एक, आणि ती रस्त्यावर धावती होण्याची किंमत दुसरी, हे त्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कळत असे. आजच्या दुकानात पाटीवर पहिलाच आकडा असतो. दुसरा आकडा घरी आल्यावर हळूहळू कळतो.

समजा, आपल्या हाती तीस हजार रुपये आहेत. तर सायकलीच्या पाटीकडे तेवीस हजारांच्या वर पाहू नये. सात हजार आधीच बाजूला बांधून ठेवावे. दोन हजारांपर्यंत डोक्याचे शिरस्त्राण, हेल्मेट म्हणा. दीड हजारात पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा. आपल्या रस्त्यांवर संध्याकाळी सहानंतर झाडीखाली काय अंधार असतो आणि वळणावर एस. टी. कशी येते, हे मी मसुरेकरांना सांगायला नको. आणखी दीड हजारात हवेचा पंप, दोन जादा ट्यूबा, पंक्चरचे सामान आणि षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा. पाचशेचे कुलूप. उरलेले दीड हजार सायकल पाहायला जाण्या-येण्याला आणि पहिल्या पावसाळ्यानंतर लागणाऱ्या तारा व ब्रेकच्या गुटक्यांना. एक गोष्ट मात्र सुदैवाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा जुन्या छापील किमतीवर कोणी अडून बसला तर बिल नीट वाचावे.

पैसे तेवीस हजार ठरले. आता त्यांत पाहायचे काय? लोक पाहतात ते नाव, रंग आणि गिअरांची संख्या. माझ्या मते पहिले पाहायचे ते माप. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या पिढीची या बाबतीत एक जुनी खोड आहे. आपण सारे तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलीवर शिकलो. सीटवर बसलो तर पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून अर्धे पायडल मारीत शिकलो, आणि गुडघे फोडून घेतले. त्यामुळे मनात पक्के बसले की सायकल कोणत्याही मापाची असो, माणूस जुळवून घेतो. गावातल्या गावात तो घेतोही. पण तीन तास सलग बसायचे असेल तर अंगाशी न जुळणारी सायकल आधी मनगटाला, मग मानेला आणि शेवटी गुडघ्याला हिशेब मागते. दोन बोटे मोठी चप्पल घालून कुणकेश्वरच्या यात्रेला चालत जावे, तसा हा प्रकार आहे.

माप घ्यायची रीत सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये, सीटवर बसल्यागत घट्ट वर धरावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून सेंटीमीटरांत मोजून घ्यावे. समजा ते ७८ भरले. त्याला ०.६७ ने गुणले की सुमारे ५२ येतात. सरळ दांडीच्या रोड सायकलीचा सांगाडा साधारण तेवढ्या मापाचा हवा. त्याच ७८ ला ०.८८३ ने गुणले की सुमारे ६९ येतात. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढी उंची ठेवायची. हे गुणक शर्यतीच्या स्वारांमध्ये वर्षानुवर्षे वापरात आहेत. ते काही वेदवाक्य नव्हे, पण दुकानात शिरताना हाती काठी असावी तसे उपयोगी पडतात. हल्ली पुष्कळ सायकलींची वरची दांडी मागे उतरती असते, तेथे कंपनीचा तक्ता पाहावा लागतो. दोन मापांच्या मध्ये आपण अडकलो तर धाकटे माप घ्यावे. सीट वर करता येते, हँडलचा गळा बदलून लांबी थोडी वाढवता येते, पण मोठा सांगाडा कापून लहान करता येत नाही.

दुकानदार म्हणतो, "आत्ता हेच माप शिल्लक आहे, सीट खाली घेऊन देतो." अशा वेळी नमस्कार करून बाहेर पडावे. सीट खाली घेतल्याने हँडल जवळ येत नाही. भगिनींनी आणि लहान हाताच्या मुलांनी आणखी एक पाहावे. हँडलच्या शिंगांवर हात ठेवून ब्रेकची पट्टी दोन बोटांनी सहज ओढता येते का? खाली वाकून धरल्यावरही येते का? बोटे ताणावी लागत असतील तर उतारावर ती वेळेवर पोचणार नाहीत. काही पट्ट्यांना आत घेण्याचा लहानसा स्क्रू असतो. तो आहे का ते विचारावे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आपला मुलूख सपाट नाही. खाडीकाठच्या मळ्यातून निघाले की जांभ्याचा सडा चढायचा, पुन्हा उतरून पूल, पुन्हा चढ. सह्याद्रीचा घाट वेगळाच, पण मालवण-कणकवलीच्या रोजच्या रस्त्यातही पायांना विसावा थोडाच मिळतो. तेव्हा गिअर किती आहेत हे न विचारता सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे विचारायचे. हा हिशेब बोटांनी करता येतो. पुढच्या लहान दातेरी चाकाचे दाते मोजा, मागच्या सर्वांत मोठ्याचे मोजा. पुढे ३४ आणि मागे ३२ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. आपली काळी सायकल, समोर ४४ आणि मागे १८ दात्यांची धरली, तर एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. चढावर उतरून हातात धरून चालायची पाळी का येते ते यावरून दिसेल. स्वस्त सायकलीवर '२१ गिअर' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्या एकवीसांतले कित्येक एकमेकांच्या जवळपास सारखेच पडतात. १६ गिअरांच्या सायकलीचा हलका गिअर त्याहून हलका असू शकतो. तेव्हा दाते मोजावे, पाटी वाचू नये.

गिअरवाल्याला काही मंडळी अजून हसतात, की आम्ही तर एका गिअरवर आंबोली चढलो. त्यांच्या पायांना माझा दंडवत. पण त्यांना ऐकून बरे वाटेल की हा वाद फ्रान्समध्येही झाला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स'च्या चालकांनी गिअर बदलण्याचे आजचे यंत्र १९३७ पर्यंत शर्यतीत येऊ दिले नाही. तोवर डोंगर आला की जगातले नामांकित स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चाकावर चढ चढत. यंत्र आले म्हणून त्या शर्यतीचा पुरुषार्थ काही कमी झाला नाही.

आता टायर. येथे शहरातला सल्ला आपल्याला लागू पडत नाही. पूर्वी शर्यतवाले २३ मिलिमीटरांचे टायर दगडासारखे फुगवून वापरीत. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर डांबराच्या कडा उखडलेल्या, मध्येच जांभ्याची खडी, पुलाच्या तोंडाशी खाच. येथे किमान २८ चे टायर हवेत, ३२ चे बसत असतील तर फारच चांगले. सायकल घेताना विचारावे की या सांगाड्यात आणि ब्रेकमध्ये जास्तीत जास्त केवढा टायर बसतो. दुकानात बसवलेला टायर उद्या बदलता येईल, पण दोन दांड्यांमधली जागा वाढवता येत नाही.

आणि येथेच गावच्या सायकलदुकानाचा प्रश्न येतो. आपले मिस्त्री वाकबगार आहेत. चाकाचा आऊट काढणे, आरे बदलणे, छर्रे धुऊन ग्रीस भरणे, यांत ते शहरातल्या चकचकीत दुकानाला हार जाणार नाहीत. पण त्यांच्या फळीवरचा माल आपल्या सायकलीला लागत नाही, हे आधीच जाणून असावे. काळ्या सायकलीचे अठ्ठावीस इंची दीडचे चाक म्हणजे टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. रोड सायकलीच्या ७०० नंबरच्या चाकाची कड ६२२. दिसायला दोन्ही चाके सारखी, पण तेरा मिलिमीटरांचा फरक आहे, आणि एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. टायरच्या अंगावर हा आकडा कोरलेला असतो, तो वहीत टिपून ठेवावा. मजा अशी की डोंगरी सायकलीच्या 'एकोणतीस इंची' चाकाची कडही ६२२ च असते. तेव्हा अडचणीच्या वेळी तिची ट्यूब, फार जाड नसेल तर, वेळ मारून नेते. दुसरा घोळ वॉल्व्हचा. बहुतेक रोड सायकलींच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, टोकाशी फिरकी असलेला असतो. गावच्या पंपाचे तोंड त्याला लागत नाही, आणि गावच्या ट्यूबचा जाड वॉल्व्ह आपल्या रिमच्या बारीक छिद्रातून जात नाही. यावर उपाय म्हणजे पितळेचा एक चिमुकला जोड. तो वॉल्व्हवर फिरवला की पेट्रोलपंपावरची हवाही भरता येते. पाचपन्नास रुपयांची वस्तू आहे, पण ती घरी विसरली तर पंचवीस हजारांची सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. पंक्चर मात्र आपला मिस्त्री डोळे मिटून काढील. रबर तेच आणि सोल्यूशनही तेच.

शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये आपल्या मसुऱ्याच्या डोंगराची गड बांधण्यासाठी पाहणी केली आणि पाणी पुरेसे नाही म्हणून बेत सोडला, पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी आधी विहीर खोदली, पाणी लागले, मग भरतगड उठविला, असे सांगतात. सायकलीच्या बाबतीत सुटे भाग हे पाणी आहे. सायकल कितीही मोक्याची दिसो, तिची साखळी, ट्यूब, ब्रेकचे गुटके कोल्हापूर-पणजीपर्यंत किंवा टपालाने आठ दिवसांत मिळतात का, ते आधी पाहावे. म्हणून फार नव्या तऱ्हेचे, एकाच कंपनीचे खास भाग असलेली सायकल स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. जपानच्या शिमानोसारख्या जुन्या कारखान्याचे खालच्या पायरीचे गिअर असले तर चालतील. खालच्या पायरीचे भाग वजनाला थोडे जड असतात, पण टिकाऊपणात ते कमी नसतात.

ब्रेकविषयी थोडक्यात पण निक्षून सांगतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. रिम धरणारा ब्रेक ओल्या रिमवर आधी पाणी पुसतो आणि मग पकड घेतो, तेवढ्यात सायकल काही हात पुढे गेलेली असते. शिवाय तांबड्या मातीची कचकच गुटक्यात अडकली की रिम घासून निघते. पावसातही चालवायची असेल तर तारेने ओढला जाणारा डिस्क ब्रेक घ्यावा. तेलाचा घेऊ नये. तो उत्तम असतो, पण त्यात हवा शिरली तर ती काढणारे हात आपल्याकडे जवळपास नाहीत. ज्याला पावसाळ्यात सायकल बांधूनच ठेवायची आहे त्याला रिमचा चांगला ब्रेक पुरेल, आणि तेवढे पैसे वाचतील.

धातू आणि वजन यांवर लोक तासन्‌तास बोलतात. मी पाच वाक्ये बोलेन. खाडीच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचा सांगाडा बरा. पोलादाचा अंगाला मऊ लागतो, पण रंगाचा टवका उडाला की गंज धरतो. कार्बनच्या वाटेला या पैशांत जाऊ नये. कोणी स्वस्तात जुना कार्बनचा सांगाडा देऊ केला तर मुळीच जाऊ नये, त्याची आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. आणि वजनाचे म्हणाल तर वीस किलोंवरून अकरावर आल्याने पासष्ट किलोंच्या माणसाला चढावरचे एकूण ओझे दहाव्या हिश्श्याने कमी होते, हे खरे. पण पुढचा एक किलो कमी करायला आणखी तीस हजार मोजावे लागतात, आणि तो एक किलो म्हणजे भरलेल्या पाण्याच्या बाटलीहून थोडा जास्त. तो वाचवायचाच तर गणपतीतल्या मोदकांपासून सुरुवात करावी.

तेवीस हजारांत नवी रोड सायकल मिळेल, पण ती अगदी खालच्या पायरीची, आणि निवड थोडी. म्हणून जुन्या सायकलीचा विचार करावाच, आणि आपल्या लोकांना त्याची सोय आहे. घराघरातला कोणी ना कोणी मुंबईस आहे. २०२० मधल्या टाळेबंदीनंतर शहरांत सायकलींची मोठी लाट आली. कित्येकांनी उत्साहाने घेतल्या आणि चार रविवार फिरून गॅलरीत उभ्या केल्या. अशी सायकल चाकरमानी भावाला बघायला सांगावी. ती कोकण रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून कणकवली किंवा कुडाळपर्यंत येऊ शकते. मात्र भाऊ प्रेमळ असला तरी त्याच्या डोळ्यांवर विसंबू नये. त्याला आपले ७८ आणि ५२ हे आकडे लिहून द्यावे. नाही तर तो स्वतः बसून पाहील, "मस्त हा!" म्हणेल, आणि पाच फूट दहा इंचांच्या भावाची सायकल पाच फूट तीन इंचांच्या बहिणीच्या दारात येईल.

जुनी सायकल तपासायला शाळेतली पोलादी फूटपट्टी पुरे. साखळीच्या एका खिळीच्या मध्यावर शून्य ठेवावे. बारा इंचांच्या रेघेवर बरोबर दुसऱ्या खिळीचा मध्य यावा. तो इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर साखळी बदलायची झाली, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागावे. आठवा भाग पुढे गेला असेल तर झिजलेल्या साखळीने दातेही खाल्लेले असतात आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. मग चाके उचलून फिरवावीत, ब्रेकच्या गुटक्याजवळ डोळा ठेवून डुलतात का पाहावे. थोडा आऊट मिस्त्री काढील. रिमच्या कडेला बोट फिरवून पाहावे, ती वाटीसारखी आत गेली असेल तर रिम संपली. पुढचा ब्रेक आवळून सायकल मागेपुढे हलवावी, हँडलच्या मुळाशी कटकट लागली तर छर्रे सैल आहेत किंवा गेलेले आहेत. सर्वांत नीट पाहावा तो हँडलखालचा सांगाड्याचा सांधा, खालच्या अंगाने, दिवा धरून. तेथे रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली तर ती सायकल कोठेतरी धडकलेली आहे. ती फुकट दिली तरी घेऊ नये. शेवटी सांगाड्याखाली कोरलेला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून पाहावा. बिल हरवले असेल तर विकणाऱ्याकडून नावानिशी लेखी पावती घ्यावी. चोरीची सायकल स्वस्त असते, पण ती पुढे पोलीस ठाण्यात उभी राहते.

घेण्याच्या वेळेविषयी कोणी विचारील. आता वैशाख आहे, काजू-आंब्याचे चार पैसे हाती येण्याचे दिवस, आणि पाऊस दीड महिन्यावर. माझे मत असे की माप आता घ्यावे, सायकली आता पाहून ठेवाव्यात, एकदोघांच्या चालवूनही पाहाव्यात, आणि खरेदी गणपतीनंतर करावी. नवशिक्याने अरुंद टायरवर पहिली पावले जूनच्या शेवाळलेल्या रस्त्यावर टाकू नयेत. तोवर पैसे मोडण्याचा धोका आहे, हे मीही जाणतो. त्याची व्यवस्था ज्याने त्याने आपल्या घरात करावी.

सायकल आल्यावर पहिल्या महिन्याभरात आऱ्यांचा ताण आणि तारा थोड्या सैल होतात, तेव्हा एकदा पुन्हा आवळून घ्याव्यात. खाडीकाठच्या घरात सायकल पडवीत न ठेवता आतल्या खोलीत ठेवावी. साखळी दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक सांध्यावर पातळ यंत्रतेलाचा एकेक थेंब द्यावा आणि जादाचे पुसून काढावे. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि तांबडी माती धरून ठेवते. सीटची उंची लावल्यावर तपासायची खूण अशी: सायकलीवर बसून, कोणीतरी धरलेली असताना, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे, आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. मोजपट्टी आणि एक जाड पुस्तक मी बरोबर आणले आहे. ज्यांना आपले माप घ्यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर उजव्या बाजूच्या भिंतीशी यावे. आकडे लिहून घ्यायला कागद आणि पेन्सिल ज्याची त्याने आणावी.